उपरी, मुल्की आणि कायम रहिवासी

नोकरी देणाऱ्याच्या शब्दावर परक्या मुलखात कायमचे राहण्याचा हक्क मिळावा, ह्या गोष्टीची चर्चा अलीकडे आपल्याकडे घरोघर होऊ लागली आहे. उदगीरचा किंवा लातूरचा मुलगा पुण्या-हैदराबादेच्या वाटेने अमेरिकेत गेला की, पहिले वर्षभर त्याच्या पगाराची चौकशी होते. त्यानंतर चौकशी सुरू होते ती कार्डाची. कंपनीने अर्ज केला काय, आणि केला असल्यास पाळी केव्हा येणार, हे शेजारीपाजारीही विचारू लागतात. हा प्रश्न नवा आहे, परदेशी आहे आणि आपल्या इतिहासाशी त्याचा काही संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज तपासून पाहावा, एवढाच ह्या व्याख्यानाचा हेतू आहे. कारण ज्या हैदराबाद संस्थानात आपले आजे-पणजे नांदले, त्या संस्थानाने हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षे हाताळला होता. त्यासाठी नियम केले, दाखले दिले, शपथा घेतल्या, आणि अखेरीस त्याच नियमांपायी रस्त्यावर गोळीबारही झाला.

परंतु संस्थानाकडे वळण्यापूर्वी आपण क्षणभर गावाकडे पाहिले पाहिजे. जुन्या दख्खनी गावात शेतकऱ्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग असत. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो दुष्काळात गाव सोडून गेला आणि पुष्कळ वर्षांनी परतला, तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. उपरी हा बाहेरून आलेला. ज्यांचे वंश खुंटले किंवा जे परागंदा झाले त्यांच्या पडीत जमिनी, म्हणजे गतकुळी जमिनी, तो ठरावीक मुदतीच्या बोलीने कसावयाचा. अशा माणसाला गावात आणण्यासाठी कौल दिला जाई. पहिली काही वर्षे सारा थोडा, पुढे दरसाल चढता, अशा अटींचा तो कागद असे. त्यास इस्ताव्याचा कौल म्हणत. पाटील मध्यस्थ होई आणि एका अर्थाने त्या उपऱ्याचा जामीनही होई. आपल्या बोलीतील ‘उपरा’ हा शब्द ह्या ‘उपरी’चा सख्खा भाऊ आहे.

ह्या व्यवस्थेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उपऱ्याला मिरासदार होण्याची वाट मोकळी होती. गावाने मान्य केले, रीतसर रक्कम भरली, साक्षी झाल्या, म्हणजे त्याला मिरासपत्र करून मिळे. सुतार, लोहार, कुंभार ह्यांना गाव बसविताना बोलावून आणीत, त्यांना घरठाण आणि बलुते लावून देत, आणि दोनतीन पिढ्यांत ते त्या गावचे वतनदार होऊन जात. म्हणजे कामासाठी बोलावलेला माणूस पुढे गावचा होतो, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक होते. मात्र बोलावणारा आणि सामावून घेणारा, दोघेही गावच. काम एकाने द्यावयाचे आणि आपलेपणा दुसऱ्याने, अशी फारकत तेथे नव्हती. ही फारकत पुढे राज्याच्या पातळीवर पडली आणि तेथून आपल्या विषयाला खरा आरंभ होतो.

पहिले सालारजंग 1853 मध्ये हैदराबादचे दिवाण झाले आणि 1883 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. राज्याचा कारभार त्या वेळी सावकार आणि जमादार ह्यांच्या हाती गेलेला होता. सालारजंगांनी 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी केली, महसूल आणि न्याय ही खाती उभी केली. खाती झाली, पण ती चालविणारी माणसे कोठून आणावयाची? तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः अलीगढच्या सर सय्यद अहमदखानांच्या परिवारातून, माणसे बोलावण्यात आली. सय्यद हुसेन बिलग्रामी आले. पुढे मोहसिन-उल-मुल्क आणि विकार-उल-मुल्क ह्या किताबांनी गाजलेले मेहदी अली आणि मुश्ताक हुसेन आले. चिराग अली आले. मद्रासेकडून आणि बंगालमधूनही काही विद्वान आले. ही माणसे कर्तबगार होती ह्यात शंका नाही. पण त्यांच्यामागून त्यांचे भाऊबंद, मेहुणे आणि ओळखीपाळखीचे लोकही आले, आणि हैदराबादच्या जुन्या घराण्यांत कुरबूर सुरू झाली. ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हे शब्द तेव्हापासून लोकांच्या तोंडी खेळू लागले. मराठीतील ‘मुलूख’ आणि हा ‘मुल्क’ एकच. मुल्की म्हणजे ह्या मुलखाचा.

बोलावून आणलेल्या माणसाची स्थिती किती नाजूक असते, ह्याचे एकच उदाहरण देतो. डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगालचे विद्वान शिक्षणकार्यासाठी हैदराबादेस आले. आज ज्याला निझाम कॉलेज म्हणतात त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांची कन्या, पुढे सरोजिनी नायडू म्हणून प्रसिद्ध झालेली, हिचा जन्म 1879 मध्ये हैदराबादेतच झाला. घरदार, मित्रपरिवार, कीर्ती, सर्व काही तेथेच. परंतु 1883 मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेवरून त्यांनी जाहीरपणे विरोधी बाजू घेतली, आणि त्यांना संस्थानाबाहेर घालविण्यात आले. पुढे त्यांना परत घेतले गेले हे खरे. तरीही ज्या हाताने बोलावले त्याच हाताला बाहेरचा दरवाजा दाखविता येतो, ही गोष्ट त्या प्रसंगाने उघड केली. जेथे चाकरी आणि वास्तव्य एकाच धाग्याने बांधलेले असते, तेथे मतस्वातंत्र्याची किंमत फार मोठी पडते.

कुरबूर वाढली तशी सरकारला व्याख्या करावी लागली. 1888 च्या सुमारास जी व्याख्या ठरली, तिचा आशय असा: जो संस्थानात 15 वर्षे कायमचा राहिला आहे, किंवा ज्याने सरकारची 12 वर्षे अखंड नोकरी केली आहे, तो मुल्की, आणि त्याच्या पुरुषवंशजांनाही दोन पिढ्यांपर्यंत तोच दर्जा. श्रोते हो, ह्या दोन आकड्यांकडे जरा लक्ष द्या. साध्या रहिवाशाला 15 वर्षे आणि सरकारी नोकराला 12. म्हणजे धन्याच्या चाकरीला तीन वर्षांची सूट! नोकरीच्या आधारे कायमचे वास्तव्य मिळण्याची कायदेशीर वाट आपल्या प्रदेशात इतकी जुनी आहे.

पुढे सातवे निझाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या कारकिर्दीत, 1919 च्या फर्मानाने, मुल्की नियम पक्के झाले आणि मुलकी नोकरीच्या नियमावलीत त्यांना स्थान मिळाले. वरिष्ठ असो वा कनिष्ठ, कोणत्याही सरकारी जागेवर गैरमुल्की माणूस निझामांच्या खास मंजुरीवाचून नेमावयाचा नाही, हा मुख्य नियम. मुल्की होण्याचे चार मार्ग सांगितले होते. जन्माने संस्थानचा प्रजाजन असणे, हा पहिला. वास्तव्याने हक्क मिळविणे, हा दुसरा. जन्मसमयी बाप सरकारी नोकरीत असणे आणि त्याची 15 वर्षे सेवा पूर्ण झालेली असणे, हा तिसरा. आणि मुल्की पुरुषाची पत्नी असणे, हा चौथा.

तिसऱ्या मार्गातील गंमत पाहा. बापाच्या नोकरीच्या चौदाव्या वर्षी जन्मलेला थोरला मुलगा ह्या कलमाने मुल्की ठरत नाही. सोळाव्या वर्षी जन्मलेला धाकटा मात्र ठरतो. एकाच घरातील, एकाच ताटात जेवणारे दोन भाऊ, पण बापाच्या सेवापुस्तकातील एका तारखेने त्यांच्या नशिबात अंतर पडावे! थोरल्याला अर्थात दुसऱ्या मार्गाने जाता येई. त्या मार्गाची अट मात्र अधिक खोल जाणारी होती. किमान 15 वर्षे कायमचे वास्तव्य तर हवेच. शिवाय पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे शपथपत्र ठरावीक नमुन्यात लिहून मॅजिस्ट्रेटसमोर साक्षांकित करून घ्यावयाचे. आणि इतके करूनही तो दर्जा रद्द करण्याचा अधिकार सरकारने नियमांत राखून ठेवला होता.

परत जाण्याचा विचार सोडणे, हे मनाचे काम आहे. ते कागदावर कसे सिद्ध करावयाचे? पंधरा वर्षे राहिलेला माणूसही दिवाळीला गावी जातो, मुलीचे लग्न आपल्याकडच्या सोयऱ्यांत ठरवितो, म्हातारपणी कुलदैवताला जाऊन येतो. पण राज्याला मन दिसत नाही, त्याला शिक्का दिसतो. म्हणून जगातील प्रत्येक राज्य अशी शपथ मागते आणि प्रत्येक स्थलांतरित माणूस थोड्याशा जड हाताने तिच्यावर सही करतो.

ह्या सर्व खटाटोपात आमच्या मराठवाड्याचे काय झाले? उदगीर त्या वेळी बीदर जिल्ह्यातील तालुका होता. येथील मराठी शेतकरी, कोष्टी, व्यापारी हे सर्व जन्मानेच मुल्की होते. त्यांना कोणाच्या शिफारशीची आवश्यकता नव्हती. परंतु दर्जा असणे वेगळे आणि त्याचे फळ हाती येणे वेगळे. राज्यकारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची उर्दू झाली. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून चाले. संस्थानात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे आणि मराठी बोलणारे सुमारे चतुर्थांश. तरी कचेरीचा उंबरठा ओलांडावयाचा तर मातृभाषा दाराबाहेर ठेवावी लागे. त्यामुळे मुल्की-गैरमुल्की हा वाद पुष्कळसा राजधानीतील सुशिक्षितांमधला राहिला. 1930 नंतरच्या दशकात ‘हैदराबाद हैदराबादकरांसाठी’ ही हाक घेऊन निझाम प्रजा संघ, म्हणजेच लोकांच्या तोंडची मुल्की लीग, पुढे आली. तिच्यात हिंदू-मुसलमान एकत्र बसले, हे तिचे मोल कमी नव्हे. पण उदगीरच्या खेड्यातील कुणब्याच्या पोराला मुल्की असल्याचा उपयोग किती, हा प्रश्न तसाच राहिला. नियम स्थानिकाचे रक्षण करतो असे आपण म्हणतो, तेव्हा कोणत्या स्थानिकाचे, हेही विचारले पाहिजे.

ह्याच काळात बाहेरून माणसे आली ती सर्वच काही सरकारी पगारासाठी आली नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, 1935 मध्ये अंबाजोगाईस गेले, आणि पुढे संपूर्ण संस्थानाच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. त्यांनी निझाम सरकारची चाकरी केली नाही. मराठवाड्याने मात्र त्यांना आपले मानले. माणूस ‘मुलखाचा’ होतो तो कशाने, ह्या प्रश्नाचे एक उत्तर नियमावलीत होते. दुसरे उत्तर हिप्परगा आणि अंबाजोगाई ह्या गावांनी दिले होते.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. जुना कारभार बदलावयाचा होता, इंग्रजी जाणणारे अधिकारी हवे होते. म्हणून मद्रास, मुंबई, मध्य प्रांत अशा शेजारच्या प्रदेशांतून माणसे आणली गेली. सालारजंगांच्या वेळचाच पेच नव्या रूपाने उभा राहिला. 1952 मध्ये वरंगळ भागात शिक्षकांच्या नेमणुकांवरून विद्यार्थी रस्त्यावर आले. ‘नॉन-मुल्की गो बॅक’ ही घोषणा गाजली, आणि तिच्या जोडीला ‘इडली-सांबार गो बॅक’ हीदेखील! सप्टेंबरच्या आरंभी हैदराबाद शहरात गोळीबार झाला, माणसे मेली. रागाचे कारण खोटे नव्हते. खोटे दाखले मिळवून गैरमुल्की लोक जागा बळकावतात, ही तक्रार होती. पण तक्रार दाखल्याची आणि घोषणा शेजाऱ्याच्या जेवणाची, असे होऊ लागले की, न्याय्य मागणीचेही रूप बिघडते.

दरम्यान 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली होती. तिच्या 19 व्या कलमाने भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. 16 व्या कलमाने सरकारी नोकरीत वास्तव्याच्या कारणाने भेद करण्यास मनाई केली आणि अपवाद करण्याचा अधिकार केवळ संसदेकडे ठेवला. जुने नियम संसदेने बदलेपर्यंत टिकणार होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे बीदर जिल्ह्याचे तीन तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. पुढे 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा उदगीर त्यात गेले. संसदेने 1957 मध्ये कायदा करून नोकरीसाठी वास्तव्याची अट देशभर उठविली. तेलंगणासारख्या काही मोजक्या प्रदेशांपुरता तात्पुरता अपवाद ठेवला. हा कायदा 1959 मध्ये अमलात आला. उदगीरकराच्या जीवनातून मुल्की हा शब्द असा शांतपणे निघून गेला.

तेलंगणात तो शांतपणे गेला नाही. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या कायद्यातील तेलंगणापुरती तरतूद घटनाबाह्य ठरविली. 1972 मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुल्की नियम अद्याप जिवंत असल्याचे सांगितले. पहिल्या निकालाच्या काळात तेलंगण पेटले, दुसऱ्यानंतर आंध्र. 1973 अखेर संसदेने मुल्की नियम रद्द केले आणि 32 वी घटनादुरुस्ती करून निराळी व्यवस्था लावली. तरी तो वाद स्मृतीतून गेला नाही. 2014 मध्ये तेलंगण राज्य झाले त्याच्या मुळाशी हीदेखील एक जुनी ठिणगी होती.

आता आजच्या अमेरिकेकडे वळू. तेथे 1990 च्या कायद्याने नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याच्या वर्षाला सुमारे 1,40,000 जागा ठरविल्या. त्यांत उमेदवाराची बायकामुलेही मोजली जातात. सर्वसाधारण क्रम असा: मालकाने प्रथम मजूर खात्याकडे सिद्ध करावयाचे की, ह्या कामासाठी प्रचलित वेतनावर लायक अमेरिकन माणूस मिळत नाही; नंतर मालकानेच त्या कामगारासाठी अर्ज करावयाचा; आणि क्रमांक लागल्यावर कामगाराने कायम वास्तव्य मागावयाचे. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे 7 टक्क्यांहून अधिक जागा जाऊ नयेत, असाही नियम आहे. भारत एवढा मोठा देश असूनही मर्यादा तीच. त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांहूनही लांब झाली आहे. रांगेत असताना नोकरी सुटली, तर दुसरी व्यवस्था करण्यास सामान्यतः 60 दिवसांची मुदत. बापाबरोबर लहानपणी गेलेले मूल 21 वर्षांचे झाले, तर त्याची जागा बापाच्या अर्जातून निसटू शकते. बापाच्या सेवापुस्तकातील तारखेने दोन भावांत अंतर पाडणारे हैदराबादचे कलम येथे कोणाला आठवणार नाही?

दोन्ही व्यवस्थांत साम्य पुष्कळ आहे. स्थानिकाचे संरक्षण हा दोहोंचा घोषित हेतू. तेथेच राहण्याचा इरादा दोघांनाही हवा. हैदराबादेत दाखला रद्द होई, अमेरिकेतही माणूस दीर्घकाळ बाहेर राहिला तर कार्ड धोक्यात येते. फरक एकच, पण तो महत्त्वाचा आहे. हैदराबादेत घड्याळ कॅलेंडराबरोबर चाले. बारा वर्षे नोकरीची भरली किंवा पंधरा वर्षे वास्तव्याची भरली, म्हणजे मागण्यास आधार मिळे. दर वर्षी किती जणांना मुल्की करावयाचे ह्याचा आकडा ठरलेला नव्हता. अमेरिकेत माणसाने कितीही वर्षे कर भरला, तरी ती वर्षे आपोआप जमेस धरली जात नाहीत. मोजला जातो तो रांगेतील क्रमांक. आणि आखाती देशांत तर कफील नावाचा धनी वास्तव्याची हमी घेतो, पण सामान्य कामगाराचे घड्याळ तेथे बहुधा सुरूच होत नाही. तीस वर्षे राबलेला माणूसही काम संपताच बोचके बांधून परत येतो.

ह्या सर्व इतिहासातून निघणारा बोध माझ्या मते असा आहे. परक्या माणसाला काम देऊन बोलावणे हा कोणत्याही राज्याचा अधिकार आहे, आणि स्थानिकांच्या पोटाची काळजी वाहणे हे त्याचे कर्तव्य आहे. परंतु बोलावलेल्या माणसाने राबून काही वर्षे घातली की, त्याचा तेथे राहण्याचा हक्क धन्याच्या मर्जीपासून सुटा झाला पाहिजे. तो सुटण्याची मुदत आधी ठरलेली, सर्वांना ठाऊक असलेली आणि माणसाच्या आयुष्यात मावेल इतकी असली पाहिजे. मुदत असली, की धनी हा केवळ धनी राहतो. मुदत नसली, की तो त्या माणसाच्या घराचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि त्याच्या जिभेचाही मालक होऊन बसतो. अघोरनाथांना घालविणाऱ्या दिवाणखान्यात आणि आजच्या एखाद्या कंपनीच्या कचेरीत ह्या बाबतीत फारसे अंतर नाही.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांसाठी आपण हा न्याय मागतो, तो मागावाच. पण उदगीर हे तीन राज्यांच्या सीमेलगतचे गाव आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ह्या चारही भाषा येथील बाजारात ऐकू येतात. येथेही बांधकामावर, वीटभट्टीवर, शाळांत आणि दुकानांत कामासाठी आलेली माणसे आहेत. घटनेने त्यांना येथे राहण्याचा हक्क दिलाच आहे. त्यासाठी कोणा धन्याच्या शिफारशीची त्यांना गरज नाही. कायद्याने जे द्यावयाचे ते देऊन झाले आहे. राहिले ते गावाने द्यावयाचे मिरासपत्र. आपले पूर्वज ते देत होते, आणि देताना किती वर्षांनी उपऱ्याला गावचा म्हणावयाचे हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाची पाळी केव्हा येणार, हे मोजताना आपल्या गल्लीत दहा वर्षे राहणाऱ्या माणसाला आपण अजून ‘बाहेरचा’ म्हणतो काय, हेही मोजून पाहावे.